सोलकढीत दही

तारकर्लीच्या रस्त्यावरच्या एका खानावळीत मागच्या महिन्यात जेवायला बसलो होतो. टेबलावर नवं मेनूकार्ड होतं, प्लास्टिकच्या पातळ आवरणातलं. मागच्या बाजूला सोलकढीवर एक परिच्छेद छापला होता. पहिली दोन वाक्यं वाचली आणि ती माझी आहेत हे कळलं. नारळाचं पहिलं दूध वेगळं काढावं, कोकमाचं आगळ शेवटी घालावं आणि त्यानंतर कढी विस्तवाजवळही नेऊ नये, हे मी २०१४ मध्ये मालवणातल्या एका न्याहारी-निवासाच्या पत्रकासाठी लिहून दिलं होतं. शब्द जरा इकडेतिकडे केले होते. पण क्रम माझा होता आणि 'विस्तवाजवळही' हा शब्दही माझा. तिसऱ्या वाक्यात मात्र 'घट्ट दही घुसळून' असं होतं. तळाला गोलात सी असलेली खूण, 'सर्व हक्क राखीव' आणि पुढे मालकाचं नाव.

मालक तरुण आहे, कष्टाळू आहे, मला मान देतो. विचारलं तेव्हा त्याने सरळ सांगितलं. गावात मिळतील तेवढ्या जुन्या पत्रकांचे फोटो काढून त्याने मोबाईलमधल्या कृत्रिम बुद्धिमत्तेला दिले आणि नवं करून मागितलं. "काकानू, ह्या सगळा माजा हा. मीच करून घेतलंय." मग मी दह्यावर बोट ठेवलं. "तां माका काय म्हायत? तां मशिनीन लिवल्यान."

माझी तक्रार या दोन वाक्यांबद्दल आहे. हक्काच्या वेळी मजकूर त्याचा आणि चुकीच्या वेळी यंत्राचा, हे मला मान्य नाही.

कायदाही हे मान्य करत नाही. आपला कॉपीराइट कायदा १९५७ चा. त्यात १९९४ च्या दुरुस्तीने एक उपकलम आलं: संगणकनिर्मित कृतीचा लेखक म्हणजे ती कृती जिने निर्माण करवली ती व्यक्ती. हे लिहिलं तेव्हा संगणक सांगितलं तेवढंच करणारं अवजार होता, त्यामुळे 'करवली' हा शब्द पुरेसा वाटला असावा. आज तो पुरत नाही. कार्ड करवलं कोणी? मोबाईलवर बोट फिरवणाऱ्याने, यंत्र बांधणाऱ्या कंपनीने, की ज्यांच्या पत्रकांवरून ते उतरलं त्यांनी? तरीही खानावळीच्या मालकाला हे उपकलम हवं असेल तर ते पूर्ण घ्यावं लागेल. तो लेखक असेल तर दहीही त्याचंच.

दही ही किरकोळ चूक आहे असं मला अनेकांनी सांगितलं. मला ती किरकोळ वाटत नाही. सोलकढी नारळाच्या दुधाची असते, नारळ नसेल तर ती तिवळ होते. दह्याचा तिथे संबंधच नाही. त्याच कार्डावर सिंधुदुर्ग किल्ल्याचं यंत्राने काढलेलं चित्र आहे. समुद्राकडे तोंड केलेली भव्य कमान आणि वर घुमट. शिवाजी महाराजांनी २५ नोव्हेंबर १६६४ रोजी कुरटे बेटावरच्या या किल्ल्याची पायाभरणी केली आणि त्याचा दरवाजा बुरुजांच्या आड असा बसवला की होडी अगदी जवळ जाईपर्यंत तो दिसत नाही. किल्ल्याची सगळी हुशारी त्या न दिसण्यात आहे. ती पुसून वर आपलं नाव घालायचं, याचं मला दुःख होतं.

दिल्लीचे वकील अंकित सहानी यांनी स्वतः काढलेल्या सूर्यास्ताच्या छायाचित्रावर 'राघव' नावाच्या संगणकप्रणालीकडून व्हॅन गॉगच्या शैलीचा हात फिरवून घेतला. 'सूर्यास्त' नावाच्या त्या चित्राची २०२० मध्ये आपल्या कॉपीराइट कार्यालयात नोंदणी झाली, राघव सहलेखक म्हणून. पुढच्या वर्षी त्याच कार्यालयाने नोंदणी मागे घेण्याची नोटीस काढली. अमेरिकेने २०२३ मध्ये हेच चित्र नोंदवायला नकार दिला, आणि मार्च २०२५ मध्ये तिथल्या अपील न्यायालयाने दुसऱ्या एका प्रकरणात लेखक माणूसच असावा लागतो असा निकाल दिला. म्हणजे जिथे वकिलांच्या फौजा आहेत तिथेही हक्क इतक्या सहज हातात पडत नाही. आमच्याकडे तो मेनूकार्डाच्या तळाला छापला की मिळाला.

माझ्या परिच्छेदाचं मात्र तसं नाही. त्याचे मला पाचशे रुपये मिळाले होते, पण हक्क लेखी दिल्याशिवाय जात नाही आणि तसा कागद मी कधी केला नाही. हक्क विकला असता तरी लेखनाची मोडतोड होऊन प्रतिष्ठेला बाधा आली तर दाद मागायची सोय कलम ५७ मध्ये आहे. मी कोर्टात जाणार नाही. आशा भोसले यांच्या आवाजाची यंत्राने नक्कल होऊ लागली तेव्हा त्या २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात गेल्या आणि त्यांना अंतरिम संरक्षण मिळालं. त्याआधीच्या वर्षी अरिजित सिंग यांनाही तिथेच मिळालं होतं. पत्रकं लिहिणाऱ्याने कुठे जायचं?

आणि पिंगुळीच्या चित्रकथी घराण्यांनी? कुडाळजवळच्या या गावात ठाकर समाजाने चित्रं दाखवत कथा सांगायच्या पोथ्या पिढ्यानपिढ्या जपल्या. परशुराम गंगावणे यांनी घरच्या गोठ्यात या कलेचं संग्रहालय उभं केलं. २०२१ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. आता 'चित्रकथी शैलीत रावण काढ' एवढं टाइप केलं की काही सेकंदांत रावण येतो. शैलीवर कॉपीराइट नसतो, म्हणून हे बेकायदा नाही. पण ते डोळे, ती एका बाजूला वळलेली तोंडं यंत्राला कोणाच्या तरी कागदावरूनच मिळाली आहेत.

मालवणच्या किनाऱ्याला वाटणी शिकवायला नको. रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, लागली की होडीचा वाटा, जाळ्याचा वाटा, दोर ओढणाऱ्यांचा वाटा. कोणाला जास्त, कोणाला कमी. पण सहज हात लावायला आलेल्यालाही मूठभर मासळी देतात. केंद्र सरकारने नेमलेल्या समितीनेही डिसेंबर २०२५ मध्ये असंच काहीसं सुचवलं: कंपन्यांनी लोकांचं लेखन आपल्या यंत्रांना शिकवण्यासाठी वापरावं, पण सक्तीच्या परवान्याखाली, रॉयल्टी देऊन. मला हे पटतं. फक्त ती रॉयल्टी संस्थांमार्फत वाटली जाणार, आणि पत्रकं लिहिणाऱ्यांची किंवा पोथ्या सांभाळणाऱ्यांची संस्था मला तरी माहीत नाही. दोर ओढणाऱ्याचं नाव वहीत नसेल तर त्याला वाटा कसा पोचणार?

मालकाकडे मी पैसे मागितले नाहीत, नावही मागितलं नाही. दही काढ, एवढंच म्हटलं. पन्नास कार्डं पुन्हा छापायला खर्च येतो, सीझन संपला की बघू, असं तो म्हणाला.

परवा पुन्हा गेलो. शेजारच्या टेबलावरच्या पाहुण्यांनी सोलकढी परत पाठवली होती. कार्डावर दही लिहिलंय आणि यात दही लागत नाही, अशी त्यांची तक्रार. कढी करणाऱ्या मावशी हात पुसत बाहेर आल्या. तीस वर्षं त्या कढी करतात. त्यांनी ते कार्ड उचललं आणि माझ्यासमोर धरलं, कारण असलं लिहिणारा त्यांच्या माहितीत मी एकटाच.

"बाबानू, कढयेत धय कोणी घातल्यान?"

मी कार्डाच्या तळाशी, मालकाच्या नावावर बोट ठेवलं.