जपून चालवल्याबद्दल

कमी पडण्याची आपल्याला सवय आहे. तिसऱ्या मजल्यावर पाण्याचा दाब कमी, उन्हाळ्यात व्होल्टेज कमी, महिनाअखेरीला बाकी सगळंच कमी. याविरुद्ध अर्ज कसा लिहायचा, तो कोणाच्या टेबलावर ठेवायचा आणि ते टेबल रजेवर असेल तर काय करायचं, हे आपल्याला पाठ आहे. पण एखादी गोष्ट मागितल्यापेक्षा जास्त मिळाली आणि त्याबद्दल आपल्यालाच शिक्षा झाली, तर दाद मागण्याची तरतूद कुठल्याच नियमावलीत नाही. माझ्या डिझेल गाडीचा टर्बो हवेचा दाब जास्त देतो, असा ठपका आहे. चहा येईपर्यंत प्रकरण मांडतो.

साताऱ्याला लग्नाला निघालो होतो. खंबाटकीच्या चढावर पुढे उसाचा ट्रक. ओलांडायला म्हणून ॲक्सिलरेटर जरा दाबला. गाडीने झकास पिकअप घेतला, ट्रकच्या बरोबरीला आली आणि तिथे मान टाकली. डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला. काटा तीन हजारांच्या पुढे सरकेना आणि पाय कितीही दाबला तरी गाडी ढिम्म. ट्रकवाल्याने खिडकीतून माझ्याकडे पाहिलं, आणि मग ज्या वेगाने ऊस चालला होता त्या वेगाने तो मला मागे टाकून निघून गेला.

"अहो, एकदा बंद करून चालू करून बघा ना," सौभाग्यवती म्हणाल्या. हा उपाय सेट-टॉप बॉक्सचा आहे, बारा लाखांच्या गाडीला असलं काही चालत नसतं, असं मी त्यांना समजावलं. मग वळणापुढे जागा मिळाली तिथे गाडी कडेला घेतली, बंद केली, चालू केली. चालली. जणू काही घडलंच नव्हतं. पिवळा दिवा तेवढा तसाच राहिला. त्याकडे बघत त्या साताऱ्यापर्यंत काही बोलल्या नाहीत. त्याचा त्रास वेगळा.

या प्रकाराला गॅरेजवाले लिंप मोड म्हणतात. प्रशासकीय भाषेत हे निलंबन आहे. दाब मर्यादेबाहेर गेला की इंजिनाचा संगणक डिझेल तोडतो, टर्बोची ताकद काढून घेतो आणि गाडीला केवळ घरी जाण्यापुरतं चालू देतो. कारणे दाखवा नोटीस नाही, खुलाशाची संधी नाही. इंजिन फुटू नये म्हणून हे करतात म्हणे. असेलही. पण निलंबनाचा आदेश काढायला ट्रकच्या शेजारचीच जागा लागते का? सपाट रस्त्यावर, एकटा असताना, गाडीने एकदाही हा आदेश काढलेला नाही. याचंही शास्त्रीय स्पष्टीकरण आहे. चढावर, भार असतानाच टर्बोला पूर्ण जोर लावावा लागतो. शास्त्र नेहमी त्यांच्याच बाजूने बोलतं.

मुळात टर्बोची कल्पना सात्त्विक आहे. सायलेन्सरमधून वाया जाणाऱ्या धुराने एक चक्र फिरवायचं, त्याच दांड्यावरच्या दुसऱ्या चक्राने बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबायची. हवा जास्त म्हणून डिझेल जास्त जळतं, म्हणून ताकद जास्त. आल्फ्रेड ब्यूखी नावाच्या स्विस इंजिनिअरने १९०५ साली याचं पेटंट घेतलं. हा दांडा मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो. टाकाऊतून टिकाऊ काढणारा हा माणूस आपल्याकडे जन्मला असता तर त्याच्या नावाने बचतगट निघाले असते. पुढच्या इंजिनिअरांना मात्र तेवढ्यावर समाधान वाटलं नाही. त्यांनी धुराच्या चक्राभोवती छोट्या पात्यांचं एक कडं बसवलं. इंजिन हळू फिरत असलं की पाती मिटायची, म्हणजे धूर चिंचोळ्या वाटेने जोरात येतो आणि दाब वाढतो. वेग वाढला की पाती उघडायची, म्हणजे दाब आटोक्यात. ही पाती हलवायला एक रॉड, रॉड ओढायला एक व्हॅक्यूमची डबी, डबीला हुकूम द्यायला एक सॉलेनॉइड, आणि सगळ्यांवर नजर ठेवायला एक सेन्सर. एक काम आणि चार अधिकारी. बिघडणार नाही तर काय?

पहिल्या गॅरेजात गाडीने जे वर्तन केलं, ते वार्षिक तपासणीच्या दिवशी शाळेतली पोरं करतात तसं होतं. मेकॅनिकने एक फेरी मारली आणि म्हणाला, "साहेब, गाडी तर मस्त आहे." मस्त गाडीचा एअर फिल्टर बदलला, डिझेल फिल्टर बदलला, आणि मी कुठल्या पंपावर डिझेल भरतो याची चौकशी झाली. माझं उत्तर ऐकून त्याने मान अशी हलवली की मी गप्प बसलो. पुढच्याच चढावर पुन्हा निलंबन. मग व्हॅक्यूमची नळी बदलली. का? "जुनी झाली होती." जुना तर मीही झालोय.

इथे माझा तात्त्विक आक्षेप आहे. माझ्या गाडीत व्हॅक्यूम ओढतो तेव्हा पाती मिटतात आणि दाब वाढतो. नळीला चीर गेली असती तर ओढ कमी झाली असती, स्प्रिंगने पाती उघडली असती आणि दाब कमी पडला असता. त्या गुन्ह्याचं संगणकाच्या दप्तरातलं कलम वेगळं, पी ०२९९. माझ्यावर लागलंय पी ०२३४, म्हणजे दाब जास्त. कमी दाबाच्या आरोपीला द्यायची शिक्षा जास्त दाबाच्या आरोपीला, तीही जीएसटीसह. दुरुस्ती करता येत नसेल तर नका करू, पण आरोपपत्र तरी वाचा!

दुसरा मेकॅनिक वाचणारा निघाला. त्याने स्टिअरिंगखालच्या सॉकेटला स्कॅनर लावला आणि इंजिन चालू न करता नुसती किल्ली फिरवली. सेन्सर ९५ किलोपास्कलच्या आसपास दाखवत होता. "पुण्याच्या हवेचा दाब एवढाच असतो. इंजिन बंद असताना सेन्सर तेवढाच दाखवतोय, म्हणजे तो खरं बोलतोय," तो म्हणाला. या शहरात कोणी खरं बोलतंय हे ऐकून बरं वाटलं. मग मला चढावर गाडी चालवायला लावून तो शेजारी स्कॅनर घेऊन बसला. पडद्यावर दोन आकडे शेजारी शेजारी पळत होते. एक, संगणकाने मागितलेला दाब. दुसरा, प्रत्यक्ष मिळालेला. २१० मागितले, २१० मिळाले. मागणी उतरायला लागली, पुरवठा उतरेना. २४० च्या पुढे गेला आणि पिवळा दिवा लागला. मागणीपेक्षा पुरवठा जास्त, आणि तो बंद करायला कोणी तयार नाही. अशी योजना मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिली.

परत आल्यावर त्याने बॉनेट उघडून मला टॉर्च धरायला लावला. खाली, काळोखात, पेन्सिलीएवढ्या जाडीचा तो रॉड होता, तेलकट, आणि गुडघ्यापाशी गंजून तांबूस झालेला. हातपंपाने डबीला व्हॅक्यूम दिला तसा रॉड सरकन आत गेला. व्हॅक्यूम सोडला. त्याने तितक्याच झटकन बाहेर यायला हवं होतं. तो निघाला, अर्ध्या वाटेत थांबला, जरा विचार केला आणि मग कसाबसा जागेवर आला. पुन्हा केलं, पुन्हा तिथेच थांबला. "सॉलेनॉइड नाही, डबी नाही. आत पात्यांना काजळी धरलीय. मिटतात, उघडत नाहीत," निकाल आला.

इथवर माझं काही म्हणणं नव्हतं. पण पुढे त्याने हात पुसत जे वाक्य उच्चारलं, त्यासाठी हा सगळा खटाटोप. "साहेब, तुम्ही गाडी फार जपून चालवता."

थोडं थांबा, चहा आलाय.

मी पंधराशेला गिअर बदलतो. सिग्नलला इंजिन बंद करतो. भाजी आणायला, बँकेत जायला, असं दोन-तीन किलोमीटर हळूहळू हिंडतो. अशा चालवण्यात धूर गार राहतो, काजळी जळत नाही, पाती त्याच त्या जागी बसून राहतात आणि शेवटी तिथेच चिकटतात. आता शेजारच्या बिल्डिंगमधल्या त्या मुलाचं पाहा. त्याचीही डिझेल, त्याच वर्षाची. तो ती अशी पळवतो की सोसायटीची मांजरं त्याची वेळ ओळखतात. त्याचा टर्बो ठणठणीत! पाती रोज पूर्ण उघडतात, पूर्ण मिटतात, काजळीला बसायला उसंत नाही. म्हणजे काटकसर, शिस्त, शेजाऱ्यांचा विचार, एवढी वर्षं घरात ज्याचे पाठ गिरवले, ते सगळं या यंत्राच्या लेखी कसूर आहे. आणि बेदरकारपणा म्हणजे नियमित देखभाल.

टर्बो उतरवून, खोलून, पाती साफ करून झाली. काळा, बोटाला चिकटणारा तो थर मेकॅनिकने मला मुद्दाम दाखवला. माझ्या सद्वर्तनाचा एवढा ठोस पुरावा मी कधी पाहिला नव्हता. नवीन टर्बोच्या मानाने स्वस्तात पडलं, असं तो म्हणाला. पोलीसही दंडाची पावती फाडताना असंच म्हणतात. वर पथ्य सांगितलं: आठवड्यातून एकदा हायवेला न्यायची, गरम होऊ द्यायची आणि अर्धा तास तीन हजारांवर ताणायची. हायवेला कॅमेरे आहेत, वेगमर्यादा आहे, मी म्हटलं. "वेग कशाला वाढवताय? तिसऱ्यातच ठेवा." ॲव्हरेजचं काय, हे मी विचारलं नाही. सौभाग्यवतींनी विचारलं, आणि त्याचं उत्तर माझ्याकडे अजून नाही.

तेव्हा एकच विनंती. रविवारी सकाळी सोलापूर रस्त्यावर, रस्ता मोकळा असताना, ऐंशीच्या आत, तिसऱ्या गिअरमध्ये केकाटत चाललेली एखादी राखाडी गाडी दिसली, तर कृपया शेजारी येऊन, काच खाली करून "काका, गिअर बदला" असं खुणावू नका. मला गिअर बदलता येतो. मनाई आहे.