'नंतर आठवण करा' या बटणास अनावृत पत्र

रा. रा. 'नंतर आठवण करा' बटण यांसी,
मु. पो. पडद्याचा उजवा कोपरा, सिंगापूर.

सा. न. वि. वि.

आम्ही राहतो त्या देशात कुंडीखालच्या ताटलीत पाणी साचून डासाची अळी सापडली, तर घरमालकाला दोनशे डॉलर दंड होतो. तपासनीस विजेरी घेऊन बाल्कनीत वाकतात, कानाकोपरा बघतात, आभार मानून जातात. त्याच घरात काकांचा दहा-बारा वर्षांचा लॅपटॉप इंटरनेटला जोडून ठेवलेला असतो. त्याला किती फटी आहेत, हे मात्र कोणी विचारत नाही. हे अभय आपल्या कृपेने मिळाले आहे, म्हणून हे आभाराचे पत्र.

आपली सेवा निःस्वार्थ आहे. दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी मायक्रोसॉफ्ट नव्याने सापडलेल्या फटींवरचे पॅच अमेरिकेत जाहीर करते, तेव्हा इथे बुधवारची मध्यरात्र उलटलेली असते. सकाळी संगणक उघडला की पॅच पुढे ढकलायला आपण हजर. एक टिचकी मारली की काम अडत नाही आणि चहाही गार होत नाही. काही चोंबडे लोक सांगतात की पॅच बाहेर पडला की चोर आधी तोच उसवून बघतात. फट नेमकी कुठे होती ते त्यातूनच कळते, आणि मग ज्यांनी पॅच लावलेला नाही अशी यंत्रे हुडकायची एवढेच काम उरते. म्हणजे आमची सवलत ही चोरांची कामाची वेळ. पण त्यात आपला काय दोष?

२०१७ साली १४ मार्चला असाच एक पॅच आला आणि १२ मे रोजी वॉनाक्राय या खंडणीखोर प्रोग्रॅमने जगभर धुमाकूळ घातला. मधले एकोणसाठ दिवस सर्वस्वी आपले होते. आमच्या तिओंग बारू प्लाझामध्ये कुठले दुकान कुठल्या मजल्यावर आहे ते दाखवणाऱ्या पडद्यावर खंडणीची मागणी झळकली. विंडोज एक्सपीला तर कंपनीने २०१४ मध्येच वाऱ्यावर सोडले होते. जग पेटल्यावर मात्र त्याच्यासाठीही पॅच निघाला. म्हणजे काढायचा म्हटला तर काढता येत होता.

पण आपले खरे कर्तृत्व दिसले ते सिंगहेल्थ या इथल्या सरकारी रुग्णालयांच्या समूहात. २०१८ मध्ये तिथून पंधरा लाख रुग्णांची नावे, पत्ते, ओळख क्रमांक आणि जन्मतारखा चोरीला गेल्या. त्यांतल्या सुमारे एक लाख साठ हजार लोकांना कोणती औषधे दिली होती, तेही गेले. तेव्हाचे पंतप्रधान ली सिएन लूंग यांची नोंद तर चोरांनी पुन्हापुन्हा शोधून काढली. रिचर्ड मॅग्नस यांच्या चौकशी समितीचा अहवाल १० जानेवारी २०१९ रोजी प्रसिद्ध झाला. एखादी अद्भुत, कोणालाच ठाऊक नसलेली फट निघेल या आशेने मी तो उघडला. निघाले ते असे : एका संगणकावर आउटलुकची जुनी आवृत्ती होती. १ डिसेंबर २०१७ रोजी चोराने त्यावर चढवलेले हत्यार इंटरनेटवर उघड मिळत होते, आणि ते रोखणारा पॅचही तेव्हा उपलब्ध होता. तो लावलेला नव्हता, इतकेच. पुढे एका प्रशासकीय खात्याचा पासवर्ड 'पासवर्ड' हाच निघाला. सावधगिरी म्हणून त्यातल्या 'ए'च्या जागी ॲट द रेटचे चिन्ह आणि 'ओ'च्या जागी शून्य घातले होते.

आपली एक आवृत्ती माणसांतही बसवलेली असते, हेही त्याच अहवालात कळले. संशयास्पद हालचाली जूनमध्येच दिसू लागल्या होत्या. वर कळवले तर वरिष्ठ रात्रंदिवस पिच्छा पुरवतील, या धास्तीने कळवणेच लांबले. ४ जुलैला डेटाबेस सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्याच्या नजरेला काहीतरी विचित्र पडले आणि चोरी तिथेच रोखली गेली. तिथे आपले काही चालले नाही, याचे वाईट वाटले. शेवटी यंत्रणा सांभाळणाऱ्या आयएचआयएसला साडेसात लाख डॉलर आणि सिंगहेल्थला अडीच लाख डॉलर दंड झाला. हिशेब केला तर दर रुग्णामागे सत्तर सेंटही पडत नाहीत. अळीचा भाव दोनशे डॉलर, हे वर आलेच आहे.

आता काळजीची गोष्ट. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चे नेहमीचे अपडेट बंद झाले. यापुढे अकराव्या आवृत्तीसाठी आलेला पॅच उसवून चोर तीच फट दहाव्यात शोधणार, आणि दहावाल्यांना पुढे ढकलायलासुद्धा काही उरणार नाही. अकरा नंबर घ्यावा, तर त्याला टीपीएम २.० ही सुरक्षा चिप आणि त्यातल्या त्यात नवा प्रोसेसर लागतो. तो नसला की धडधाकट लॅपटॉपही कारंग गुनीवाल्याच्या, म्हणजे इथल्या भंगारवाल्याच्या, ढकलगाडीवर! कंपनीच्या या हिशेबात ग्राहकाची सुरक्षा किती आणि नव्या यंत्रांचा खप किती, हे आपण जाणताच.

तरी काही फितूर निघाले आहेत. घरच्या यंत्रांसाठी कंपनीने १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढीव अपडेट देऊ केले आहेत. तीस अमेरिकी डॉलर भरा, नाहीतर कंपनीच्या खात्यात सेटिंगचा बॅकअप ठेवा, म्हणजे फुकट. लोक गुपचूप नाव नोंदवत आहेत. कोणी जुन्या लॅपटॉपवर लिनक्स चढवून काकांच्या हाती देतात. काकांना हवे असतात यूट्यूब आणि मराठी वर्तमानपत्र, दोन्ही चालतात. कोणी तर यंत्राचे वायफायच बंद करून ते फक्त फोटो आणि गाण्यांपुरते ठेवतात. बँकेचे व्यवहार तिथून करत नाहीत, आणि सगळ्याची एक प्रत वेगळ्या डिस्कवर काढून ती डिस्क उपसून ठेवतात. आपल्यावर अवलंबून न राहण्याची ही कृतघ्नता बघवत नाही.

एक विनंती करून थांबतो. काकांचे आम्ही बघून घेऊ. पण ज्या दवाखान्यात काका दर महिन्याला रक्तदाबाच्या गोळ्यांसाठी जातात, तिथल्या स्वागतकक्षातल्या संगणकावर येत्या बुधवारी कृपा करून दिसू नका.

कळावे,
आपला,
जुन्या लॅपटॉपचा एक धनी