अभिप्रायप्रमाणमीमांसा

‘सिनेमा कसा वाटला?’ आणि ‘ती कादंबरी वाचलीस का?’ हे दोन प्रश्न मराठी समाजात चहाआधी, जेवणानंतर आणि लग्नाच्या पंगतीत वाढप्याची वाट पाहताना विचारले जातात. उत्तर देणाऱ्याजवळ मत असावेच लागते. सिनेमा पाहिलेला असावा, अशी अट नाही. मग मत येते कोठून? पूर्वसुरींनी या विषयाकडे पाठ फिरवल्याने हे काम आमच्या गळ्यात आले. न्यायदर्शन ज्ञानाची चार प्रमाणे मानते, कुमारिल भट्टांचे अनुयायी सहा. आम्ही सहाही घेतो. विषय क्षुल्लक असला की शिस्त कडक हवी.

१. प्रत्यक्ष. स्वतः पाहून केलेले मत. हे दुर्मीळ असते आणि फारसे भरवशाचेही नसते. चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’ घ्या. शेवटाकडे न्यायालयाला उन्हाळ्याची सुटी लागते, दिवे मालवले जातात, पडदा काळा होतो. संपला एकदाचा, म्हणून प्रेक्षक उठतो आणि अंधारात चप्पल चाचपडू लागतो. तेवढ्यात न्यायाधीशांची सहल सुरू होते. ते बाकावर डुलकी घेतात, पोरे ओरडून त्यांना उठवतात, ते एका पोराला थप्पड लगावतात आणि पुन्हा पेंगू लागतात. आमच्या मते अख्खा खटला त्या थपडेत आहे. जो हाताशी सापडला, त्याला शिक्षा. अंधारातच पार्किंग गाठणारे मात्र ‘शेवटच नाही त्याला’ असे सांगत फिरतात, आणि तेही डोळ्यांनी पाहूनच.

२. अनुमान. धूर दिसला की विस्तव असणारच. ‘श्यामची आई’ला (1953) राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले, रुमाल भिजले. ‘श्वास’ला (2004) सुवर्णकमळ मिळाले, रुमाल पुन्हा भिजले. त्यावरून ‘जेथे जेथे पुरस्कार, तेथे तेथे रुमाल’ ही व्याप्ती सिद्ध झाली. पुढे ‘कोर्ट’लाही सुवर्णकमळ मिळाले आणि घरून आणलेले रुमाल कोरडेच परत गेले. तरीही ही व्याप्ती सोडायला कोणी तयार नाही.

३. उपमान. गवय कसा असतो? गाईसारखा. ‘सैराट’नंतर (2016) गावाकडची प्रत्येक प्रेमकथा सैराटसारखी, आणि ‘कोसला’नंतर (1963) होस्टेलवर कंटाळणारा प्रत्येक नायक पांडुरंग सांगवीकरासारखा. या पद्धतीचे लाडके वाक्य म्हणजे ‘पुस्तक जास्त चांगलं आहे’. ते पुस्तक न वाचताही म्हणता येते. धोका ‘सिंहासन’पाशी (1979) आहे. जब्बार पटेलांचा हा चित्रपट अरुण साधूंच्या ‘मुंबई दिनांक’ आणि ‘सिंहासन’ अशा दोन कादंबऱ्यांवर बेतलेला आहे. ‘कुठलं पुस्तक?’ असा उलटा प्रश्न आला की भल्याभल्या पंडितांना तहान लागते.

४. शब्द. म्हणजे आप्तवाक्य. आपल्याकडे ते बहुधा मेहुण्याकडून, फॅमिली ग्रुपवर, चार अंगठ्यांसह येते. पूर्वपक्ष: मेहुण्याने तरी पाहिला आहे काय? उत्तरपक्ष: त्याच्या साहेबांनी पाहिला आहे. पूर्वपक्ष: साहेबांनी खरोखर? उत्तरपक्ष: त्यांच्या मिसेस सांगत होत्या. शास्त्रात यास अनवस्था म्हणतात.

५. अर्थापत्ती. देवदत्त लठ्ठ आहे आणि दिवसा जेवत नाही, अर्थात तो रात्री जेवतो. तद्वत काकू ‘आम्ही मालिका बघतच नाही बाई’ म्हणतात आणि धाकट्या सुनेचे मंगळसूत्र सध्या कोणाच्या कपाटात आहे, तेही सांगतात. उरलेला निष्कर्ष वाचकांनी काढावा, काकूंसमोर काढू नये.

६. अनुपलब्धी. एखादी वस्तू जागेवर नाही, यावरून होणारे ज्ञान. आमच्या मते अभिरुचीच्या प्रांतात खरे प्रमाण हे एवढेच. पुस्तकांचे कपाट उघडावे. नावडलेली कादंबरी जागच्या जागी, कोरी करकरीत, पहिल्या प्रकरणातच खूण अडकलेली सापडते. आवडलेली सापडत नाही. ती कोणाच्या तरी हातात कोंबून ‘वाच म्हणजे वाच’ असे बजावलेले असते. आमच्या घरी ‘कोसला’ अशीच नाही. पांडुरंगाची बहीण मनी जाते ती पाने वाचल्यावर आधीचा सगळा टवाळपणा निराळाच दिसू लागतो. हे कोणाला तरी दाखवल्यावाचून राहवले नाही, आणि पुस्तक गेले.

येथे शेवटचा आक्षेप येतो. रद्दीत घातलेले पुस्तकही कपाटात नसते, मग तेही आवडलेलेच मानायचे काय? आक्षेप चोख आहे, पण टिकत नाही. रद्दीवाल्याचे नाव कोणी लक्षात ठेवत नाही. पुस्तक नेणाऱ्याचे नाव, त्याचा तेव्हाचा पत्ता आणि ‘पुढच्या आठवड्यात आणून देतो’ हे त्याचे शब्द माणूस जन्मभर विसरत नाही.