आजन्म उसना बिल्ला

अमेरिकन विद्यापीठांतील सोरोरिटी, म्हणजे ग्रीक अक्षरांची नावे मिरवणारी विद्यार्थिनींची भगिनी-मंडळे, यांचे अर्थशास्त्र अभ्यासण्याचे सर्वांत सोयीचे साधन म्हणजे सभासद मुलीच्या पोशाखावर हृदयाच्या बाजूस टोचलेला नखाएवढा बिल्ला होय. दीक्षाविधीत, म्हणजे उमेदवार मुलीला पूर्ण सभासद करून घेण्याच्या गुप्त समारंभात, तिला तो मिळतो आणि त्याचे पैसे तीच भरते. तथापि अनेक संघटनांच्या नियमावलीनुसार तो तिच्या मालकीचा होत नाही, केवळ हयातीपुरता तिच्याकडे वापरावयास राहतो.

रोख पैसे मोजून आजन्म उसनी घेतलेली वस्तू या प्रकारास मराठीत नेमका शब्द नाही. पागडी जवळपास येते. पण पागडीच्या खोलीत निदान झोपता तरी येते.

बिल्ल्याचे खरे तेज मुलगी मंडळ सोडते तेव्हा प्रकटते. राजीनाम्याचे पत्र पोहोचताच बिल्ला परत मागितला जातो, आणि तिने वर्गणी परत मागितली की दीक्षेनंतर परतावा नाही, हे करारातील कलम तिला दाखवले जाते. परताव्याचे तत्त्व संघटनेस अमान्य आहे असे मुळीच नाही. ते तिला पूर्ण मान्य आहे, फक्त एकाच दिशेने. वर्गणीतील काही रक्कम राष्ट्रीय कार्यालयाची दरडोई पट्टी व विम्याचा हप्ता म्हणून जाते, आणि शाखेची खजिनदार, जी स्वतःच एक विद्यार्थिनी असते व परीक्षेच्या तयारीतून वेळ काढून हे उत्तर देत असते, ती नम्रपणे कळवते की पैसे वर गेले. मराठीत 'वर गेले' याचा जो अर्थ स्मशानात होतो तोच येथेही होतो.

उरलेल्या रकमेत दिवाणखाना शुल्क नावाचे एक रत्न आढळते. मंडळाच्या घरात न राहणाऱ्या सभासदांनी त्या घराच्या बैठकीचा वापर केल्याबद्दल, किंवा वापर करण्याची शक्यता असल्याबद्दल, भरावयाचे हे शुल्क असून, सभासदत्व गेल्यावर ती शक्यता संपते, शुल्क मात्र संपत नाही, कारण ते सत्राच्या आरंभीच आकारलेले असते. सभेस गैरहजर राहिल्याचा दंड असल्यास तोही देय राहतो, आणि थकबाकी वसुली करणाऱ्या खासगी कंपनीकडे सोपवली जाऊ शकते. म्हणजे बहीण म्हणून घरात घेतलेल्या मुलीस ऋणको म्हणून निरोप मिळतो. सोरोरिटी हा शब्द ज्या लॅटिन शब्दापासून आला त्याचा अर्थ बहीण असाच आहे, आणि खरा संताप येतो तो या शब्दाच्या वापराचा. बहिणीबहिणींत हिशेब असतात, दागिन्यांवरून वर्षानुवर्षे अबोलेही असतात, पण आपल्या दिवाणखान्यात टेकल्याचे भाडे कोणत्या बहिणीने मागितले आहे? व्यापार करावयाचा तर तो व्यापार म्हणून करावा, दरपत्रक दारावर लावावे आणि गिऱ्हाइकास गिऱ्हाईक म्हणावे. अठरा वर्षांची मुलगी घरापासून दूर, अनोळखी वसतिगृहात, कोणीतरी आपली म्हणावे म्हणून आसुसलेली असताना तिच्यापुढे नाते मांडायचे आणि त्याखाली बारीक टाइपात परतावा नाही असे छापायचे, ही लूट आहे, आणि तिला मेणबत्त्या व शपथांचा साज चढवल्याने ती पवित्र होत नाही. गल्लीतील भिशी याहून सभ्य असते. तिथे कोणी कोणास आजन्म भगिनी म्हणत नाही, आणि पाळी आली की पैसे हातात पडतात.

अमेरिकेतील ज्या मराठी घरांतून कन्या यंदा विद्यापीठात जात आहे, तेथील पालकांनी कराराचे शेवटचे पान आधी वाचावे. सही करावयाचीच असेल तर दीक्षेपूर्वी बाहेर पडल्यास काय परत मिळते, हे लेखी मागून घ्यावे. सही आधीच झाली असेल, तर बिल्ला नोंदणीकृत टपालाने पाठवावा आणि पावती जपून ठेवावी.