घरोघरी केसकर

बाळकृष्ण विश्वनाथ केसकर पुण्यात जन्मले, पॅरिसला शिकले आणि 1952 ते 1962 अशी दहा वर्षं देशाचे माहिती व नभोवाणी मंत्री होते. या दहा वर्षांत लोकांनी काय ऐकावं याची जेवढी काळजी त्यांनी वाहिली, तेवढी लोकांच्या आईबापांनीही वाहिली नसेल. हिंदी सिनेमाची गाणी सवंग, असं त्यांचं स्वच्छ मत होतं. आकाशवाणीवरच्या गाण्यांना कात्री लागली. गाण्याबरोबर सिनेमाचं नाव सांगणं म्हणजे फुकटची जाहिरात, म्हणून तेही बंद झालं. निर्माते बिथरले आणि त्यांनी गाणी वाजवण्याची परवानगीच काढून घेतली. आता जनता मुकाट्याने ख्याल ऐकेल, असा सरकारी अंदाज असावा. जनतेने काटा फिरवून रेडिओ सिलोन लावलं.

तिथे 1952 च्या डिसेंबरात एका टूथपेस्टच्या नावाने 'बिनाका गीतमाला' सुरू झाली होती. दर बुधवारी अमीन सयानी 'बहनो और भाइयो' म्हणायचे आणि मंत्रिमहोदयांनी दारातून हाकललेली गाणी खिडकीतून घरात यायची. 1953 च्या वार्षिक यादीत शिखरावर बसलं ते 'अनारकली'तलं लताबाईंचं गाणं. संगीत सी. रामचंद्रांचं, म्हणजे नगर जिल्ह्यातल्या पुणतांब्याच्या रामचंद्र चितळकरांचं. एका मराठी माणसाने बंद केलेलं दार दुसऱ्या मराठी माणसाने कोलंबोमार्गे उघडलं. आपल्याकडे एकमेकांचे पाय ओढण्याचा इतका मधुर नमुना दुसरा नाही. शेवटी 3 ऑक्टोबर 1957 ला, केसकरांच्याच कारकिर्दीत, सरकारला 'विविध भारती' सुरू करावी लागली.

केसकरांवर हसताना एक गोष्ट मात्र कबूल केली पाहिजे. त्यांच्याच काळात, 1955 च्या रामनवमीला, पुणे आकाशवाणीवरून 'गीतरामायण' सुरू झालं आणि छप्पन्न गाण्यांपर्यंत चाललं. शिवाय केसकरांना खरोखर शास्त्रीय संगीत आवडायचं. जे आवडतं तेच ते जाहीरपणे सांगत. हा गुण आजच्या रसिकात औषधालाही सापडत नाही.

कारण आज मंत्रालयाची गरजच उरलेली नाही. प्रत्येकाच्या खिशात स्वतःचा केसकर आहे. कान एक ऐकतात आणि खिशातला केसकर जगाला दाखवायची यादी वेगळीच मंजूर करतो. रविवारी सकाळी प्लेलिस्टची लिंक येते. वर मथळा असतो, 'पावसाळी दुपारसाठी माझी काही आवडती गाणी, सहज शेअर करतोय.' या 'सहज'मागे शनिवारची अख्खी रात्र गेलेली असते. एक कुमार गंधर्व असायलाच हवेत, म्हणजे खोली दिसते. एक मेहदी हसन, म्हणजे मन मोठं दिसतं. एक आइसलँडचा बँड, ज्याचं नाव उच्चारता येत नाही म्हणून फक्त लिहायचं. आणि एक लावणी, पण जुनी. नवी लावणी उथळ आणि जुनी ती लोककला, एवढं सांस्कृतिक भान प्रत्येकाला असतंच.

'सैराट'मधलं 'झिंगाट' या यादीत कधीच नसतं. 2016 नंतर महाराष्ट्रातली एकही वरात त्या गाण्याशिवाय हललेली नाही आणि प्रत्येक वरातीत यादीकर्ते स्वतः बँडच्या पुढे होते. व्हिडिओ पुरावे उपलब्ध आहेत. कुणी तोंडावर टाकलाच व्हिडिओ, तर ते लगेच सांगतात की 'सैराट'चं संगीत अजय-अतुलने लॉस एंजेलिसला जाऊन सिम्फनी वाद्यवृंदाकडून वाजवून घेतलं होतं. खरं आहे ते. पण वरातीत शर्ट बाहेर काढून नाचताना त्यांच्या डोक्यात व्हायोलिन होतं, यावर त्यांच्या बायकोचाही विश्वास नाही.

खोटेपणा पूर्वीही होता. फिलिप्सने 1963 साली बर्लिनच्या प्रदर्शनात कॅसेट मांडली आणि पुढच्या वीसेक वर्षांत आपल्याकडे गल्लोगल्ली कॅसेट 'भरून देणारी' दुकानं झाली. वहीच्या पानावर बॉलपेनने गाण्यांची यादी करायची, दुकानात द्यायची आणि चार दिवसांनी जायचं. साठ मिनिटांची कॅसेट, एका बाजूला तीस मिनिटं. दुकानदार यादीवरून पेन फिरवत म्हणायचा, 'ही सहा बसतील, सातवं कापलं जाईल.' गिऱ्हाईक म्हणायचं, 'बसवा हो कसंतरी.' मग सातवं गाणं दुसऱ्या अंतऱ्यात, ऐन समेच्या तोंडावर, खट्ट करून थांबायचं. ती कॅसेट वर्षानुवर्षं ऐकलेल्या माणसाला आजही ते गाणं पूर्ण ऐकलं की चुकल्यासारखं होतं. पुसली जाऊ नये म्हणून वरचे दोन प्लॅस्टिकचे चौकोन तोडायचे. प्रेमभंग झाला की त्याच भोकांवर सेलोटेप चिकटवून वर भक्तिगीतं भरायची.

हे सगळं बेकायदेशीर होतं, हे गल्लीत कुणाच्या गावीही नव्हतं. तिकडे ब्रिटनमध्ये ध्वनिमुद्रण कंपन्यांनी 1981 च्या सुमारास कॅसेटची कवटी आणि खाली दोन हाडं असं चित्र छापून प्रचार केला, की घरी गाणी भरून घेण्याने संगीत मरतंय. संगीत मेलं नाही. इकडे दर्यागंजच्या फळांच्या रसाच्या दुकानातून आलेल्या गुलशन कुमारांनी तर स्वस्त कॅसेटींवर साम्राज्य उभं केलं.

मुद्दा असा, की ती यादीसुद्धा छाप पाडण्यासाठीच असायची, पण एकाच माणसावर. फार तर शेजारच्या वाड्यातल्या एका मुलीपुढे आपण गझल समजणारे आहोत असं भासवायचं होतं. खरी आवड दुकानदाराला ठाऊक असायची, कारण गझलची कॅसेट नेणारा तोच मुलगा दुसऱ्या दिवशी दादा कोंडक्यांची गाणी भरायला यायचा. दुकानदार काही बोलायचा नाही. अख्ख्या पेठेची रसिकता त्याच्या गल्ल्याखालच्या खोक्यात बंद होती.

आजचा दुकानदार पोटात काही ठेवत नाही. स्पॉटिफाय भारतात 2019 च्या फेब्रुवारीत आलं. तीस सेकंद ऐकलेलं प्रत्येक गाणं ते मोजतं आणि डिसेंबरात 'रॅप्ड' नावाने वर्षाचा हिशेब रंगीत पाट्यांवर लिहून हातात देतं. मग लोक तो हिशेब स्वतःहून चावडीवर लावतात. विजेचं बिल मात्र अजून कुणी असं लावत नाही. 2025 च्या हिशेबात तर 'ऐकण्याचं वय'ही निघालं. तुम्ही ज्या काळातली गाणी ऐकता, त्या काळात जे सोळा ते एकवीस वर्षांचे होते त्यांचं आजचं वय म्हणजे तुमचं वय, असं ते साधं गणित. या हिशेबाने 'गीतरामायण'वाला नव्वदीच्या आसपास निघतो. 1911 च्या 'मानापमान'मधली पदं ऐकणारा एकशे तीस ओलांडतो. पण जुन्या ध्वनिमुद्रिकांवर अनेकदा पुनर्प्रकाशनाचं साल पडलेलं असतं, त्यामुळे बालगंधर्व ऐकणारे आजोबा कॉलेजकुमार ठरण्याचा धोका आहे. आजोबांची अर्थातच हरकत नाही.

लपायला जागाही कंपनीनेच ठेवली आहे. 'प्रायव्हेट सेशन' नावाचं बटण दाबलं की आपण काय ऐकतोय ते मित्रमंडळींना दिसत नाही. अनेकांचं खरं संगीतजीवन या बटणापलीकडे सुखाने चालू असतं.

मोठी माणसंही यातून सुटलेली नाहीत. बराक ओबामांनी 2015 च्या ऑगस्टमध्ये, अध्यक्ष असतानाच, दिवसासाठी वीस आणि रात्रीसाठी वीस अशा उन्हाळी गाण्यांच्या दोन याद्या जाहीर केल्या. खुर्ची गेली तरी याद्या चालूच राहिल्या. 2019 च्या यादीत त्यांनी आपल्या प्रतीक कुहाडचं 'कोल्ड/मेस' घेतलं. त्या दिवसापासून पुण्या-मुंबईत प्रतीकला 'आधीपासूनच ऐकणाऱ्यां'ची संख्या इतकी वाढली, की त्याच्या सुरुवातीच्या कार्यक्रमांना खुर्च्या रिकाम्या राहिल्याच कशा, हा संशोधनाचा विषय ठरावा.

यादीबरोबर मत फुकट मिळतं. मताच्या आधी 'अनपॉप्युलर ओपिनियन' असं लिहिण्याची पद्धत आहे आणि खाली अख्ख्या महाराष्ट्राला पाठ असलेलं वाक्य येतं. आशाबाईंचा आवाका लताबाईंपेक्षा मोठा. रहमानचं जुनंच बरं होतं. हल्लीच्या गाण्यांत शब्द कळत नाहीत. एवढं धाडस करून माणूस फोन उलटा ठेवतो आणि वादळाची वाट बघतो. वादळ येत नाही, 'अगदी खरं' असे अकरा अंगठे येतात. त्याचा फार हिरमोड होतो.

सगळ्यांत मोठी पंचाईत लहान मूल असलेल्या घरांची. 2020 च्या नोव्हेंबरपासून यूट्यूबवर जगात सर्वाधिक पाहिलेला व्हिडिओ 'बेबी शार्क'चा आहे आणि तो काही विद्यापीठांतल्या प्राध्यापकांनी वर नेलेला नाही. दोन वर्षांचं पोर जेवताना फोन मागतं, फोन बापाचा असतो आणि डिसेंबरात बापाच्या नावावर वरची चार गाणी मासे, बस आणि माकडांची निघतात. बाप पडद्याचा फोटो काढतो. वरची चार कापतो, पाचव्या क्रमांकावरचे कुमार गंधर्व मधोमध आणतो आणि घरच्या ग्रुपवर टाकतो, 'यंदाही कुमारच.' मेहुणा नमस्काराचे हात पाठवतो, काका 'वा' म्हणतात. वर्षभर नातवाला भरवायला बसलेल्या सासूबाई तेवढ्यात लिहितात, 'जावईबापू, आणि आपला शार्क कुठाय?'