सूनबाईंच्या मापाची रायफल

मॅडिसन, विस्कॉन्सिन
ऑक्टोबरअखेर

तीर्थरूप आई-बाबांना विस्कॉन्सिन शाखेचा साष्टांग नमस्कार.

कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रविवारी जो फोटो पडला, त्याचा खुलासा व्हावा म्हणून हे पत्र. शेंदरी जाकीट घालून खांद्याला रायफल लावलेल्या त्या बाई आपल्या सूनबाईच आहेत. त्यांना नाटकात काम मिळालेलं नाही. धाकट्या मावशींनी काळजीने विचारलं, तशी इथली परिस्थितीही बिघडलेली नाही. सूनबाई यंदा हरणाच्या शिकारीला जाणार आहेत, एवढंच. परवाना आहे, प्रशिक्षण झालं आहे, आणि चिरंजीवांची परवानगी कुणी मागितलेली नाही.

कारण आईंना लगेच पटेल. परसात लावलेली मेथी, भेंडी आणि लाल भोपळ्याचा अख्खा वेल हरणांनी दोन उन्हाळे फस्त केला. कुंपण घातलं, ते त्यांनी उडी मारून ओलांडलं. सूनबाई काम करतात त्या प्रयोगशाळेतल्या तीन बायका दर नोव्हेंबरात शिकारीला जातात, त्यांनी सुचवलं की हरणाशी वाद घालण्यापेक्षा परवाना काढावा. बंदुकीने हरणं मारण्याचा इथला मुख्य हंगाम नऊ दिवसांचा. थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी तो सुरू होतो. परवान्याचे चोवीस डॉलर. १ जानेवारी १९७३ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्या माणसाला आधी शिकार-सुरक्षेचा अभ्यासक्रम पुरा करावा लागतो. सूनबाईंनी तो उत्तम गुणांनी केला. वर्गात बाकीचे बहुतेक विद्यार्थी बारा वर्षांचे होते हे त्यांनी कुणाला सांगू नका म्हटलं आहे.

आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकार बंद झाली, त्यामुळे बाबांना हे सगळं बेकायदा वाटणं साहजिक आहे. इथे सरकारच दरवर्षी किती हरणं मारली जावीत याचा हिशेब मांडतं.

खरी कथा रायफलीच्या खरेदीची आहे. सूनबाई पाच फूट एक इंच, हे आईंनी साडीच्या फॉलच्या वेळी मोजलेलंच आहे. दुकानात शिरल्यावर विक्रेत्याने चिरंजीवांकडे बघून विचारलं, "मॅडमना काय हवंय?" चिरंजीवांनी मॅडमकडे बोट दाखवलं. मग आतून एक गुलाबी दस्त्याची, बारा-तेरा वर्षांच्या पोरांसाठी बनवलेली छोटी रायफल आली. गुलाबीचं इथे वेगळंच प्रकरण आहे. रानात दुसऱ्या शिकाऱ्याची गोळी लागू नये म्हणून कमरेच्या वरचे निम्मे तरी कपडे भडक शेंदरी असावे लागतात. २०१६ मध्ये विस्कॉन्सिनने देशात पहिल्यांदा भडक गुलाबीही चालेल असा कायदा केला. बायका शिकारीकडे वळाव्यात हा हेतू. शिकार करणाऱ्या काही बायकांनीच त्यावर नाकं मुरडली. सूनबाईंनी गुलाबी रायफल दोन बोटांनी काउंटरवर परत सरकवली आणि मोजपट्टी मागितली.

कारण लहान चणीच्या माणसाचा मूळ प्रश्न मापाचा. चापापासून दस्त्याच्या टोकापर्यंतचं अंतर हे रायफलीचं पहिलं माप. कारखान्यातून येणाऱ्या नेहमीच्या रायफलीत ते साडेतेरा ते पावणेचौदा इंच असतं, म्हणजे साधारण पावणेसहा फुटी पुरुषाला सोयीचं. दस्ता लांब झाला की तो खांद्याच्या खोबणीत बसत नाही, दंडावर किंवा काखेत घसरतो. माणूस मान पुढे ताणतो, कंबर मागे टाकतो, पुढचा हात लांबून नळी तोलतो, आणि सहा पौंडांची रायफलसुद्धा बारा पौंडांची वाटायला लागते. दस्ता आखूड झाला तर अंगठा नाकावर आपटतो.

यात नोव्हेंबर मिसळा. आत थर्मल, वर स्वेटर, त्यावर जाकीट. अंगावर एवढे थर चढले की तोच दस्ता लांब वाटू लागतो. म्हणून माप शिकारीच्या कपड्यांत घ्यायचं असतं. सूनबाई तो सगळा सरंजाम चढवून ऑक्टोबरच्या उन्हात दुकानात उभ्या होत्या, घामाघूम. रायफल खांद्याला लावल्यावर अंगठा आणि नाक यांच्यात दोनेक बोटांचं अंतर राहिलं पाहिजे, हा त्यांचा निकष. विक्रेता तासाभराने त्यांना "मॅम" म्हणू लागला.

आता चिरंजीवांच्या सल्ल्याविषयी. त्यांचं म्हणणं, लहान चण म्हणजे हलकी रायफल, यात विचार करण्यासारखं काय आहे! इंजिनिअर असूनही न्यूटन विसरले. गोळी जितक्या संवेगाने पुढे जाते, तितक्याच संवेगाने रायफल मागे येते. आणि काडतूस तेच असेल तर रायफल जितकी हलकी, तितकी धक्क्याची ऊर्जा जास्त. आठ पौंडांच्या जागी सहा पौंडांची घेतली की खांद्यावर एक तृतीयांश जास्त मार. डोंगर चढून रानमेंढ्याच्या मागे जाणाऱ्याला हलकी रायफल हवी, कारण तो दिवसभर ती वाहतो. सूनबाई गाडी लावून अर्धा मैल चालणार आणि झाडाखाली थर्मासमधला चहा पीत बसणार. त्यांना वजन मित्र आहे. पोरांच्या रायफली बहुधा हलक्या आणि आखूड नळीच्या असतात, त्या मोठ्यांपेक्षा जास्त लाथ मारतात आणि कानाजवळ जास्त मोठा आवाज करतात. बाळाला शिकार शिकवण्याची ही पद्धत कुणी काढली असेल, देव जाणे.

तेवढ्यात शिकागोहून धाकटे चिरंजीव आले. त्यांनी रायफल आयुष्यात हातात धरलेली नाही, पण त्या विषयावरचे व्हिडिओ पुष्कळ पाहिले आहेत. त्यांनी वहिनींना .३०० विंचेस्टर मॅग्नम सुचवली, "म्हणजे कसं, हाताशी थोडं जास्त असलेलं बरं." वहिनींनी वही उघडली. साडेसात-आठ पौंडांच्या रायफलीत .२४३ विंचेस्टरचा धक्का ढोबळमानाने नऊ फूट-पौंड, ७ एमएम-०८ रेमिंग्टनचा बारा-तेरा, .३०८ चा सतरा, जुन्या .३०-०६ चा वीस आणि दीरांच्या मॅग्नमचा पंचवीसच्या पुढे. धक्क्याची भीती एकदा अंगात शिरली की चाप ओढायच्या आधीच डोळे मिटतात, खांदा आक्रसतो आणि गोळी हरणाऐवजी मेपलच्या झाडात जाते. मग जखमी जनावर रानात तडफडतं. ते सूनबाईंना नको होतं. इथल्या झाडीत हरीण बहुतेक वेळा शंभर यार्डांच्या आतच दिसतं, तिथे मॅग्नमचं काय काम?

त्यांनी ७ एमएम-०८ निवडली. १९८० मध्ये रेमिंग्टनने बाजारात आणलेलं हे काडतूस म्हणजे .३०८ ची पुंगळी गळ्याशी निमुळती करून त्यात सात मिलिमीटरची गोळी बसवलेली. बाबांच्या कपाटात कॉर्बेटची मराठी भाषांतरं आहेत, म्हणून हे त्यांच्यासाठी: चंपावतची नरभक्षक वाघीण १९०७ मध्ये मारल्याबद्दल जिम कॉर्बेटला संयुक्त प्रांताचे लेफ्टनंट गव्हर्नर सर जॉन ह्यूएट यांनी .२७५ रिग्बी रायफल भेट दिली होती. तिचं काडतूस म्हणजे मुळात सात मिलिमीटरचं माउझर, आणि सूनबाईंचं ७ एमएम-०८ ताकदीने त्याच्या अगदी जवळचं. रुद्रप्रयागचा बिबट्या त्याच रिग्बीने पडला. जॅक ओ'कॉनर नावाचा अमेरिकेतला नामांकित शिकारलेखक आयुष्यभर .२७० काडतुसाचे गोडवे गात राहिला, आणि त्याच घरात त्याची बायको एलेनॉर सात मिलिमीटरचं माउझर घेऊन नवऱ्याच्या तोडीची शिकार करत राहिली. सूनबाईंना ही गोष्ट फार आवडली. चिरंजीवांना ती जेवताना दोनदा ऐकवली गेली.

आता कोणत्या कंपनीची? वेदरबी कंपनीने २०१६ मध्ये खास बायकांच्या शरीराचा विचार करून 'कॅमिला' नावाची रायफल काढली. संस्थापक रॉय वेदरबी यांच्या पत्नीचं नाव तिला दिलं. दस्ता तेरा इंचांचा, गाल टेकायची कड उंच, मूठ बारीक, आणि खांद्याकडची गादी छातीला टोचू नये अशा कोनात. गुलाबीचा ठिपका नाही. सूनबाईंनी ती बराच वेळ हातातून सोडली नाही. रुगर अमेरिकन कॉम्पॅक्टचा दस्ता साडेबारा इंचांचा, नळी अठरा इंचांची. ती जाकिटावर छान बसली, पण फारच हलकी वाटली. शेवटी सॅव्हेज ११० ठरली, तीही 'ॲक्युफिट' दस्त्याची. यात दस्त्याच्या टोकाला आणि गालाखाली लहानमोठे तुकडे घालून माप बदलता येतं. स्वेटर चढला की तुकडा काढायचा, उन्हाळ्यात सरावाला जाताना परत घालायचा. ज्या देशात ऋतूंमध्ये पन्नास अंशांचा फरक पडतो, तिथे हीच खरी अक्कल.

पैसे देण्यापूर्वी केंद्र सरकारचा ४४७३ क्रमांकाचा फॉर्म भरावा लागतो. त्यात खरेदीदाराची उंची आणि वजन विचारतात. सूनबाईंनी तो चिरंजीवांकडे पाठ करून भरला. बंदूक स्वतःसाठीच घेताय ना, हाही प्रश्न त्यात असतो. तिथे त्यांनी इतक्या ठासून 'हो' वर खूण केली की पेनाचा ठसा खालच्या कागदावर उमटला.

सरावाच्या मैदानावर आधी डोळ्यांची परीक्षा झाली. दोन्ही हात लांब धरून तळव्यांमध्ये छोटी खिडकी करायची, तीतून दूरची वस्तू पाहायची, मग एकेक डोळा मिटायचा. ज्या डोळ्याला वस्तू जागेवर दिसते, तो मुख्य. सूनबाई उजव्या हाताच्या आणि उजव्या डोळ्याच्या निघाल्या. चिरंजीवांचा हात उजवा, डोळा डावा. गल्ली क्रिकेटमध्ये सरळ चेंडूवर त्रिफळा उडण्याचा दोष ते आता त्यावर टाकतात.

सुरुवात .२२ च्या पोरकट आवाजाच्या रायफलीने, मग ७ एमएम-०८. कानात बोळे आणि वर कर्णफुलांसारखे मोठे मफ्स. सूनबाईंच्या गोळ्या शंभर यार्डांवर बशीएवढ्या गोलात पडू लागल्या, तेव्हा धाकट्या चिरंजीवांनाही एक बार काढायचा होता. दस्ता वहिनींच्या मापाचा, दीरांची मान लांब. दुर्बिणीच्या मागे डोळा साडेतीन इंचांच्या आसपास दूर असावा लागतो, तो त्यांनी थेट काचेला लावला. धक्क्याने दुर्बिणीची कड भुवईवर आली आणि तिथे सुरेख चंद्रकोर उमटली. तीन टाके पडले. ग्रुपवर त्यांचा फोटो आला नाही, याचं कारण हे.

मांसाची चिंता आईंनी करू नये. इथल्या हरणांत २००२ पासून मेंदू पोखरणारा एक रोग आढळतो, म्हणून शिकारीनंतर नमुना सरकारी तपासणीला फुकट देता येतो. निकाल येईपर्यंत मांस फ्रीझरमध्ये राहील. निकाल चांगला आला, तर सागोती. त्यासाठी आईंचा मसाला संपत आलेला आहे, हे या पत्राचं दुसरं निमित्त.

तिसरं निमित्त बाबांसाठी. आजोबांच्या शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची ठासणीची बंदूक निवडणुकीसाठी पोलीस ठाण्यात जमा होती, ती परत आली असेल तर तिचंही माप हवं आहे. भाताच्या वाफ्यात रानडुकरं शिरली की आजी ती घेऊन पडवीत उभ्या राहायच्या आणि दस्ता खांद्याला न लावता काखेत दाबून हवेत बार काढायच्या, असं आत्या सांगतात. सूनबाईंचा तर्क असा की आजींच्या चणीला तो दस्ता इंचभर तरी लांब होता. तेव्हा बंदूक रिकामी असल्याची नीट खात्री करून, चापापासून दस्त्याच्या टोकापर्यंत टेप लावून, बाबांनी आकडा इंचांत कळवावा. सेंटिमीटर चालणार नाहीत.

आपले,
विस्कॉन्सिनचे सर्वजण