चाळीस फुटांची पोथी

पोथीची पाने सुटतात, सुटलेली हरवतात, आणि शेजारी उसनी नेलेली पोथी परत येईलच असे नाही. या तिन्ही तक्रारींवर आमच्या अंबाजोगाईत चारशे वर्षांपूर्वीच तोड निघाली होती. संतकवी दासोपंतांनी (१५५१–१६१५) आपले ‘पंचीकरण’ कागदावर न लिहिता पासोडीवर लिहिले. सुमारे चाळीस फूट लांब, चार फूट रुंद जाडेभरडे कापड, त्यावर सोळाशेच्या आसपास ओव्या, मधेमधे आकृत्या. पान हरवायची सोयच नाही, कारण पान एकच. उसनी मागणाऱ्याने येताना गाडीबैल आणावा.

विषयही तसा ऐसपैस. पाच महाभूतांची सरमिसळ होऊन हा पसारा कसा उभा राहिला, ते समजायचे तर सगळे एकदम डोळ्यांपुढे हवे. पोथीच्या चिंचोळ्या पानांत पृथ्वी इथे सापडते, तर आकाश चार पाने उलटल्यावर. पासोडी अंथरली की पाचही जण समोर. या कामाला त्या काळी याहून सरस साधन नसावे असे मला प्रामाणिकपणे वाटते. शिवाय ती टिकली, अजून गावात आहे.

तरी पासोडीची चाल काही पडली नाही. का पडावी? नक्कल करायची तर आधी चाळीस फुटी ओसरी हवी, मग एकाने उलगडायचे, दुसऱ्याने गुंडाळायचे, आणि तिसऱ्याने ‘अहो, पाय!’ म्हणून ओरडत राहायचे. पोथीची सुटी पाने चौघांनी वाटून घ्यावीत, जमेल तशी उतरवावीत, चुकले तर तेवढेच पान टाकावे. खुद्द पंतांचा ‘गीतार्णव’ सव्वा लाख ओव्यांचा मानतात. पासोडीच्या मापाने तो लिहायचा तर जवळजवळ किलोमीटरभर कापड लागले असते. शेवटी कापडाच्या नशिबी बासन होणे आले. ज्याला ग्रंथ व्हायचे होते, त्याने ग्रंथ गुंडाळायचा!

सरस वस्तूचा स्वभावच जरा मानी. सोनीची बीटामॅक्स १९७५ची, चित्र नेटके, पण सुरुवातीच्या कॅसेटवर तासाभराचेच चित्रण मावे. पुढच्याच वर्षी जेव्हीसीची व्हीएचएस आली. चित्र जरा डावे, पण दोन तासांची हमी. सिनेमा पाहणाऱ्या माणसाला नायिका थोडी धूसर चालते. मारामारी सुरू होताच कॅसेट संपलेली चालत नाही.

मराठी टंकलेखनाचेही तेच. इन्स्क्रिप्ट कळपाट १९८६पासून आहे. स्वर डाव्या हाताला, व्यंजने उजव्या, आणि भारतातल्या बहुतेक लिप्यांना तीच मांडणी. इतकी शहाणी रचना दुसरी दाखवा. पण ती म्हणते, आधी मला शिका. आणि आपण रोमन अक्षरांत ठोकून मोकळे होतो, यंत्राने त्याची मराठी करावी, त्यात ऱ्हस्व-दीर्घाचे जे व्हायचे ते होवो. समोरच्याला कळले ना?

अंबाजोगाईत योगेश्वरीच्या दर्शनाला आलात तर दासोपंतांच्या पासोडीचीही चौकशी जरूर करा. ‘पंचीकरण’ वाचायचेच असेल, तर ते पुढे छापून निघाले आहे. अर्थात कागदावर.